अंदाजपंचे करवंदाचं लोणचं

करवंदाच्या लोणच्यात मीठ किती घालायचं, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही जाणत्या बाईला विचारावं. उत्तर ठरलेलं असतं : "लागन तेवढं." किती लागेल हे ओळखायचं कसं, तर घालून. आणि जास्त झालं तर? "मंग कमी घालाले पायजे होतं." या उत्तरात तर्काच्या दृष्टीने एकही चूक काढता येत नाही, आणि नेमकं त्यामुळेच उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेल्या बुलढाण्यातल्या एका मास्तरांची झोप उडाली.

मास्तरांच्या घरात पिढ्यानपिढ्या चैत्र-वैशाखात करवंदाचं लोणचं टाकलं जातं आणि त्याची कृती कुठेही लिहून ठेवलेली नाही, हे त्यांच्या लक्षात निवृत्तीनंतर आलं. तोवर ते फक्त खात होते. मग त्यांनी शंभर पानी वही आणली, तिच्यात रकाने पाडले, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसले. घरातल्या बायांना चहाचं भांडं घ्यायला जायचं तरी मास्तरांचे पाय ओलांडावे लागत.

"आई, मोहरीची डाळ किती?"

"मूठभर."

"तुझी मूठ की माझी?"

"तुह्या मुठीत काय दम हाय बाप्पा! माही."

मास्तरांनी आईची मूठ काट्यावर रिकामी करून घेतली आणि आकडा टिपला. एका मोजमापावर विसंबणं शास्त्राला धरून नाही म्हणून पुन्हा मूठ मागितली. आकडा भलताच निघाला. मास्तरांनी सरासरी काढली, तिच्याखाली दुहेरी रेघ मारली आणि वही मिटता मिटता विचारलं, "एवढा फरक कसा काय पडला?" आई म्हणाली, "दुसरी मूठ मेथीची होती नं."

इथेच एखाद्या शहाण्या माणसाने वही रद्दीत दिली असती. पण मास्तरांच्या पत्नीकडे एक प्रत होती, कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ची. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने महाराष्ट्रातल्या कैक नव्या संसारांना वाटीचं आणि चमच्याचं माप शिकवलं, आणि 'अंदाजाने घाला' या वाक्यावर रडकुंडीला आलेल्या सुनांना मोठा आधार दिला. मास्तरांनी विजयी मुद्रेने पुस्तक आईपुढे, म्हणजे घरातल्या आजींपुढे, धरलं. आजींनी ते लांब धरून पाहिलं, मुखपृष्ठाला मान दिला आणि एकच शंका काढली, "वाटी कोणची? आमटीची का वरणाची?" घरात पाच आकारांच्या वाट्या होत्या. मास्तर पुन्हा खुर्चीत बसले.

एक लक्षात घेतलं पाहिजे. मास्तर ज्या जिल्ह्यात राहतात तिथे अंदाज ही थट्टेची बाब नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावात दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. शेतात घट आखून कडेने अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसासाठी मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, आणि तिच्यावर पापड, कुरडई, करंजी, वडा असा फराळ, शिवाय पान-सुपारी. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य किती सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, पानावरची सुपारी हलली की जागेवर आहे, हे पाहून पीक, पाऊस आणि देशाच्या राजाची गादी यांचं भाकीत जाहीर होतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी हरकत घेतात, वर्तमानपत्रं दरवर्षी भाकीत छापतात आणि शेतकरी दोन्ही वाचतात. हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाजही एप्रिलमध्येच येतो. म्हणजे करवंदं हिरवी, टणक आणि लोणच्यालायक असतात त्याच दिवसांत या जिल्ह्यावर चहूकडून अंदाजांचा वर्षाव चाललेला असतो. त्यात घटातल्या फराळाच्या यादीत लोणच्याचं नाव कधी ऐकू आलेलं नाही. पावसाचं आणि राजाचं भाकीत करणं एक वेळ सोपं, लोणचं टिकेल की नाही हे छातीठोकपणे सांगणं अवघड, हे जुन्या माणसांनी ओळखलेलं दिसतं.

आता करवंदं. बुलढाणा जिल्ह्याचे नकाशात तालुके तेरा असले तरी माणसांच्या मनात भाग दोनच आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे वर, अजिंठ्याच्या रांगेच्या खांद्यावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे खाली, तापलेल्या काळ्या मातीत. मास्तरांच्या आईचं माहेर खामगाव आणि पत्नीचं मेहकर. त्यामुळे या स्वयंपाकघरात घाट रोज चढला आणि उतरला जातो. मे महिन्यात खामगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून तिकडचं लोणचं लवकर मुरतं, असं आजींचं म्हणणं. लवकर मुरतं आणि लवकर मऊ पडतं, असं सूनबाईंचं म्हणणं. सासू-सुनेचं जिथे एकमत झालं अशी एकच बाब घरात नोंदली गेली आहे, ती म्हणजे मास्तरांना काही कळत नाही.

करवंदाचं झुडूप कण्हेरीच्या कुळातलं. फळ तोडलं की पांढरा चीक, आणि फळापर्यंत पोचण्याआधी फांदीवर जोडीजोडीने उभे टोकदार काटे. बुलढाण्यापासून जवळच ज्ञानगंगा अभयारण्य आहे, २०५ चौरस किलोमीटरांचं. तिथे करवंदाची जाळी असली तरी अभयारण्यातून काही तोडून आणायला बंदी, आणि बंदी नसती तरी मास्तर गेले नसते. त्याला कारण आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला टी-१-सी-१ नावाचा तरुण वाघ जून २०१९ मध्ये घर सोडून निघाला आणि तेलंगणाच्या सीमा ओलांडत, शेतं, नद्या, हमरस्ते पार करत सुमारे १,३०० किलोमीटर चालून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन थांबला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याचं पाऊलन्‌पाऊल नोंदलं गेलं. जागेच्या आणि जोडीदारणीच्या शोधात तो निघाला असावा, असं जाणकार म्हणतात. मास्तरांच्या पत्नीने या बातमीचा निष्कर्ष वेगळा काढला. "वाघ यवतमाळहून पायी येतो, आणि तुम्हाला बाजारातून करवंदं आणायला रिक्षा लागते."

करवंदं शेवटी बाजारातच मिळाली. विकणाऱ्या बाईने समोर पाटी मांडली होती आणि मापाला एक चेपलेला डबा होता. मास्तरांनी खिशातून काटा काढला.

"डब्यानं मिळते भाऊ, वजनानं नाही."

"डबा किती ग्रॅमचा?"

"रिकामा का भरून?"

मास्तरांनी डबे घेतले, पैसे दिले, आणि वहीत 'डबा' नावाचं नवं एकक दाखल केलं.

पुढचं काम देठ काढण्याचं. ते वर्णनात एका ओळीचं असतं आणि प्रत्यक्षात अख्खी दुपार खातं. प्रत्येक देठाबरोबर चिकाचा एक थेंब येतो. तो बोटाला लागतो, वाळतो, काळा पडतो, आणि साबणाला दाद देत नाही. जाणती माणसं आधी हाताला तेल चोळून बसतात. सूनबाई घाईत तशाच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या रेशनच्या दुकानात गेल्या तर मशीन त्यांचा अंगठा ओळखेना. एक अंगठा झाला, दुसरा झाला, दुकानदाराने सगळी बोटं एकेक करून टेकवून पाहिली. "वैनी, तुम्ही तुम्हीच का?" असं त्याने अखेर विचारलं. दरवर्षी वैशाखात अशा किती बाया सरकारदरबारी अदृश्य होत असतील याची नोंद नाही. घरी आल्यावर त्यांनी फोन उघडायला बोट लावलं, तर फोननेही ओळख दाखवली नाही.

याच वेळी नातवाला कामाला लावण्याची कल्पना मास्तरांना सुचली. पोरांना करवंद दिलं की ती एक खेळ खेळतात : फळ चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. नातू मन लावून बसला आणि एकेक करवंद चावून निकाल जाहीर करू लागला. हिरवं कच्चं करवंद आतून पांढरंच असतं, त्यामुळे ओळीने कोंबड्याच निघाल्या. कोंबडा सापडल्याशिवाय उठायचं नाही असं त्याने ठरवलं. आजींच्या लक्षात येईतो पाटीतल्या बऱ्याच कोंबड्या अर्ध्या झाल्या होत्या. "राहू दे," आजी म्हणाल्या, "नाही तरी चिराच पाडायच्या होत्या."

लोणचं घालायची बातमी गल्लीत कशी फुटते हे कोडं आहे, पण फुटते. चीक धुऊन, मिठाच्या पाण्यात बुडवून, फडक्यावर पसरून करवंदं कोरडी होत होती तेवढ्या वेळात सल्लागार मंडळ भरलं. शेजारच्या काकू आल्या, त्या करवंद ठेचून घालणाऱ्या पंथाच्या. समोरच्या वहिनी आल्या, त्या अख्खं घालणाऱ्या. बिया काढाव्यात की ठेवाव्यात यावर दोन्ही पंथांत पोटभेद निघाले. मग तेलाचा विषय. आजींना करडईचं हवं, लाकडी घाण्याचं. सूनबाईंना शेंगदाण्याचं. काकूंच्या मते कपाशीच्या मुलखात सरकीच्या तेलाला नाक मुरडणं हा कृतघ्नपणा आहे. एक निवृत्त बँकवाले गृहस्थ सोयाबीनच्या बाजूने बोलले, कारण जिल्ह्यात आता चहूकडे तेच पेरलं जातं आणि स्थानिक उत्पादनाला प्रोत्साहन दिलं पाहिजे. त्यांनीच मग मोबाईलवर पाहिलेली एक कृती सांगितली, तिच्यात तेलाऐवजी व्हिनेगर होतं. खोलीत शांतता पसरली. "थे फरशी पुसाचं?" आजींनी विचारलं. गृहस्थांनी चहा संपवला आणि निघाले.

मिठावर तर लोणारपर्यंत चर्चा गेली. जिल्ह्यात अख्खं खारं सरोवर असताना दुकानातून मीठ कशाला आणायचं, असा प्रश्न कुणीतरी टाकला. प्रश्न दिसतो तितका बावळट नाही. उल्केच्या आघाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवरातल्या या तळ्यातून पूर्वी खरोखरच खार काढला जाई, आणि काच व साबण करायला तो वापरत. पण नेमकी तिथेच अडचण आहे. लोणारच्या पाण्यात मिठाबरोबर सोडा भरपूर आहे आणि पाणी कडक अल्कधर्मी आहे. लोणच्याला हवा असतो आंबटपणा, कारण आम्ल आणि मीठ मिळून जंतूंना वेशीबाहेर ठेवतात. लोणारचा खार घातला तर आंबटपणा मरेल. लोणच्याच्या जागी साबण तयार होण्याची भीती मास्तरांनी बोलून दाखवली. विज्ञानाच्या बाजूने ते त्या दुपारी पहिल्यांदाच काही बोलले, आणि तेव्हाच नेमकी कुकरची शिट्टी झाली.

मीठ भलत्याच जीवांना मानवतं, हे मात्र लोणारनेच दाखवून दिलं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, माणसं घरात कोंडलेली, त्यामुळे कारणांचं पीक अमाप आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. ऊन आणि कमी पावसामुळे पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि त्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले होते, त्यांचा तो रंग. त्याच महिन्यात मास्तरांच्या घरच्या बरणीतल्या खारालाही गुलाबी छटा आली होती. तिथे मात्र सूक्ष्मजीवांचा संबंध नव्हता. अर्धवट पिकलेली चार करवंदं आत गेली होती आणि त्यांनी रंग सोडला होता. पण टीव्हीवर लोणार आणि कपाटात बरणी एकाच रंगाची पाहून आजींनी दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. टीव्हीला अजून डाग आहे.

हात कुणी लावायचा, हा लोणच्याच्या शास्त्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट अध्याय. 'त्या चार दिवसांत' बाईने बरणीला शिवलं तर लोणचं नासतं, ही समजूत देशभर आहे, आणि तिच्यावर बेतलेली व्हिस्परची 'टच द पिकल' ही जाहिरात-मोहीम २०१५ साली फ्रान्समधल्या कान जाहिरात महोत्सवात मोठं पारितोषिक घेऊन आली. मास्तरांच्या नातीने हे सगळं आजींना सांगितलं, तावातावाने, फोनवर पुरावे दाखवत, आणि शेवटी बरणीवर हात ठेवून उभी राहिली. मोठं रणकंदन होणार म्हणून सगळे सरसावून बसले. आजी म्हणाल्या, "लाव नं हात. पण आधी पूस. ओला हाय." नातीची सगळी तयारी वाया गेली. नंतर काकूंनी आजींना कानात काहीतरी विचारलं, त्यावर आजींनी मोठ्याने उत्तर दिलं, "त्याच्यानं नासते असं माही सासू म्हणे. तिचं तर दरसाल नासे, मंग कोणाच्या नावानं नासे?"

ज्याच्या हाताला या घरात खरोखर बंदी झाली तो माणूस वेगळाच. मास्तरांना पाहायची सवय. मुरलं का पाहू, रंग आला का पाहू, खार सुटला का पाहू, चाखून पाहू. पाहताना चमचा लागतो आणि चमचा नुकताच विसळलेला असतो. पाण्याचा थेंब गेला की त्या जागी मीठ पातळ होतं आणि बुरशीला उंबरा ओलांडायला तेवढं पुरतं. आजींनी बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधताना गाठ अशी मारली की ती सोडल्याचं लगेच कळावं. मास्तरांनी ती सोडली, पाहिलं आणि पुन्हा बांधली. शाळेत असताना स्काउटमध्ये होते. गाठ इतकी सफाईदार बसली की आजींनी ती पाहताक्षणी ओळखलं.

मग बरणी गच्चीवर गेली. उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत आणायची. बुलढाण्याच्या गच्च्यांवर दुसरीही एक वस्ती असते, ती काळ्या तोंडाच्या वानरांची. करवंद हे त्यांचं रानातलं खाणं. एके दुपारी एका थोराड वानराने बरणीपाशी बैठक मारली, दादरा दातांनी फाडला, आत हात घातला, एक करवंद तोंडात टाकलं, क्षणभर विचार केला आणि थुंकून टाकलं. मग तोंड पुसून निघून गेलं. खालच्या अंगणात यावर लगेच तज्ज्ञांची मतं पुढे आली.

"मीठ कमी हाय," आजी म्हणाल्या.

"तिखट जास्त झालंय," सूनबाई म्हणाल्या. तिखट आजींनी घातलं होतं.

"मेथी कडवट लागली असेल," काकूंनी सुचवलं. मेथी सूनबाईंनी भाजली होती.

मास्तरांनी वहीत लिहिलं : 'वानर : नापसंत. कारण अस्पष्ट.' वरचा थर काढून टाकला, बाकीचं लोणचं नव्या दादऱ्याखाली कपाटात गेलं. 

मिठाचा हिशेब मात्र मास्तरांनी चोरून ठेवला होता. अन्नपदार्थांच्या सरकारी मानकात मिठाच्या भरवशावर टिकणाऱ्या, खारातल्या लोणच्याला वजनाच्या किमान १२ टक्के मीठ सांगितलं आहे. आजींच्या मुठी मोजता येत नाहीत म्हणून त्यांनी मिठाचा बुधलाच आधी आणि नंतर तोलला. फरक काढला, भागिले एकूण वजन, गुणिले शंभर. उत्तर आलं बारा आणि वर थोडं. मास्तर हबकले. मुकाट्याने आईपुढे गेले आणि सरकारचं मानक व तिची मूठ तंतोतंत जुळल्याचं कबूल केलं. आजींनी सरकारबद्दल समाधान व्यक्त केलं. रात्री पत्नी हळूच म्हणाली, "आत्याबाई नेहमी कमी घालतात. त्या झोपल्या की मी दोन मुठी वरून टाकते. लग्न झाल्यापासून." मास्तर उठून बसले. सकाळी आईला वळणावळणाने विचारलं, तर आजींनीही डोळा बारीक केला. "तुही बायको रातच्याले टाकते, मले मालूम हाय. म्हून तं मी कमी घालतो."

या सगळ्याला खरा फाटा फुटला तो मिशिगनमधून. मास्तरांचा पुतण्या तिथे नोकरीला. अमेरिकेतल्या आंबट चेरीचं निम्म्याहून बरंच अधिक पीक त्या एका राज्यात निघतं, ट्रॅव्हर्स सिटी नावाच्या गावी दर जुलैत राष्ट्रीय चेरी महोत्सव भरतो, आणि माँटमोरन्सी ही तिथली लाडकी जात. आंबट चेरीला हिवाळ्यात शेकडो तास गारठून पडावं लागतं, तेव्हा कुठे ती फुलते. घाटावरची थंडी कितीही अभिमानाची असली तरी या कामाला पुरणारी नाही. इराणात या चेरीचा पुलाव करतात, तुर्कस्तानात सरबत आणि मुरंबा, फ्रान्समध्ये ती चक्क व्हिनेगरमध्ये बुडवून मांसाबरोबर खातात. पुतण्याला करवंदाची आठवण अनावर झाली आणि त्याने जुलैत चेरीचं लोणचं घालायचं ठरवलं. व्हिडिओ कॉलवर आजी, समोर टेबलावर लालभडक चेऱ्या.

"चीक हाय का त्याले?"

"नाही आजी."

"काटे?"

"झाडाला? नाही."

"मंग थे कायचं फळ!"

बी काढायचं तर त्याच्याकडे यंत्र नव्हतं. पेपरक्लिप उलगडून तिचा आकडा करून बी ओढायची जुनी युक्ती तिकडच्या शेजारणीने दाखवली होती. प्रत्येक बीबरोबर रसाची एक चिळकांडी भिंतीवर जात होती. भाड्याचं घर, पांढऱ्या भिंती. मीठ किती घालू, असं त्याने विचारल्यावर आजी, काकू आणि मागून येणारी दुधवाली एका सुरात म्हणाल्या, "लागन तेवढं." मास्तरांनी मध्ये तोंड घालून "बारा टक्के" असं ओरडून सांगितलं, तेवढ्यात नेट गेलं.

त्याच कॉलवर पुतण्याने एक बॉम्ब टाकला. चेरीची माहिती शोधता शोधता त्याला कळलं होतं की आपल्याकडे केकवर, पानात आणि आईस्क्रीमवर जी लालचुटूक 'चेरी' बसलेली असते, ती बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद. बी काढून, पाकात मुरवून, लाल रंग देऊन बसवलेलं. बातमी घरात हळूहळू झिरपली. सूनबाईंना आठवलं की पुतण्याच्या प्रत्येक वाढदिवसाला तो रडून रडून केकवरची चेरी स्वतःला मागून घ्यायचा आणि पानात वाढलेलं करवंदाचं लोणचं मात्र ताटाबाहेर काढायचा. आजींनी शांतपणे विचारलं, "मंग बेकरीवाल्यानं त्याचा चीक कसा काढला?" मास्तरांनी वहीत नवा रकाना आखला आणि सकाळी बेकरीकडे निघाले. तिथे काय झालं हे ते सांगत नाहीत. परतले तेव्हा हातात टोस्टचा पुडा होता.

श्रावणापर्यंत लोणचं मुरलं आणि वाटण्याची वेळ आली. कुणाकडे वाटी गेली की ती रिकामी परत येत नाही, हा गल्लीचा नियम. काकूंकडे गेलेली वाटी कैरीच्या लोणच्याने भरून आली, समोरच्या वहिनींकडची लिंबाच्या, बँकवाल्यांकडची मिरचीच्या. ती पुन्हा रिकामी पाठवता येईना म्हणून पुन्हा करवंद. बघता बघता कपाटात पाच घरांची लोणची झाली आणि घरच्या बरणीचा तळ दिसू लागला. नेमका त्या दिवशी पुतण्याचा मित्र आला, परत मिशिगनला निघालेला, सामानात जागा असलेला. "आजीच्या हातचं लोणचं पाठवा" असा निरोप. आजींनी बरणीत पाहिलं, मग कपाटात पाहिलं. काकूंकडची ठेचलेल्या करवंदांची बरणी शेल्फवर होती, गेल्या आठवड्यात वाटीबरोबर आलेली. तीच डब्यात भरली. डब्याला पिशवी, पिशवीला पंचा, पंच्याला वर्तमानपत्र आणि वर सुतळी.

पंधरा दिवसांनी फोन आला. पुतण्याचा गळा भरून आलेला. "आजी, असं लोणचं जगात कुठे नाही. तुझ्या हाताची चव एका घासात ओळखली."

"ओळखनच नं बाप्पा," आजी म्हणाल्या, आणि काकू समोरच बसल्या होत्या म्हणून स्पीकर बंद केला.